किती मीटरवर, ते आधी सांगा!



आज जरा भांडायचं आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. ते वाक्य असं: "छऱ्यांचं वजन सारखं नसेल तर नेम लागत नाही."

हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. खोटं असतं तर बरं झालं असतं, एका फटक्यात निकाल लागला असता. हे वाक्य अर्धवट आहे. तेहतीस वर्षं हातात खडू धरल्यावर माझी खात्री झाली आहे की धडधडीत खोट्यापेक्षा अर्धवट खरं जास्त नुकसान करतं. कारण खोट्याला कुणी तरी हटकतं, अर्धवट खरं मात्र मान डोलावून घरात घेतलं जातं आणि चांगलं पाटावर बसवलं जातं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना वाटेल, या वयात मामांना बंदुकीचं काय सुचलं! तर १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. त्या दिवशी खेड्यापाड्यातल्या अनेक घरांत एकच विचार आला असणार, "आपलं लेकरू का नाही?" आमच्या कळंब तालुक्यातही आला. आज आमच्याकडची पाच-सात मुलंमुली एका पत्र्याच्या शेडमध्ये दहा मीटर अंतर मोजून एअर रायफलचा सराव करतात. मी संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा तिथे टेकतो. मुलं एअर रायफल म्हणतात, आम्ही छऱ्याची बंदूक म्हणायचो. येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत फुगे फोडायला मिळायची ती. नेम चुकला की आम्ही खुशाल बंदूकवाल्यावर ढकलून द्यायचो, पण छर्रा हलका होता अशी तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही.

आता मूळ प्रकार. त्या शेडमध्ये येणाऱ्या एका मुलीचे वडील माझे विद्यार्थी. चार एकर कोरडवाहू. मागच्या दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरीचे छर्रे हलके-भारी हायेत म्हणून नेम फाकतोय म्हणं. सर म्हणले, वजनाचा काटा घ्या, एकेक छर्रा तोलून घ्या, न्हाई तर बाहेरदेशाचे डबे मागवा. तवर तिला नेमबाजी बंद ठेवा म्हणले, सवय बिघडती म्हणं." हे सर म्हणजे महिन्यातून दोनदा बाहेरून येणारे एक प्रशिक्षक. त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हेच वाक्य बोलणारे ते एकटे नाहीत. काटा आणि दोन डबे मिळून सोयाबीनच्या तीन पोत्यांचा खर्च होत होता. आणि मुलगी तीन आठवडे घरी बसली होती.

मी बीए माणूस. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. पण खेड्यातल्या शाळेत मास्तराला विषय नसतो, तास असतो. सातवीपर्यंतचं गणित मी वर्षानुवर्षं शिकवलं. तेवढ्यावर हा हिशेब मांडता येतो. अभियंता असलेल्या भाच्याकडून तो तपासून घेतला आहे. "मामा, आकडे बरोबर आहेत, पण हवेचा विरोध धरला नाही," एवढाच शेरा त्यानं मारला. तेही पुढे सांगतो.

छर्रा म्हणजे काय, ते आधी पाहू. आकार डमरूसारखा. पुढचं डोकं भरीव, मधे कंबर, आणि मागे पोकळ घेर, परकरासारखा. जाडी साडेचार मिलिमीटर. स्पर्धेच्या रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. आपल्या जुन्या सराफी मापात अर्ध्या माशाहून किंचित जास्त, म्हणजे साडेचार गुंजांच्या आतबाहेर. धातू शिसं, म्हणजे मऊ. दहा मीटरच्या स्पर्धेसाठी डोकं सपाट ठेवतात, कारण सपाट डोक्यानं कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण नीट मोजता येतात. लांब अंतरासाठी गोल डोक्याचा छर्रा वापरतात, कारण तो हवा चांगली कापतो. आकारसुद्धा अंतरावरून ठरतो, हे इथेच लक्षात ठेवा.

रायफलमधून हा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं निघतो. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचे सुमारे सहा शतांश लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी त्याला खाली ओढते. किती? साधारण १७ मिलिमीटर. ही १७ मिलिमीटरची घसरण प्रत्येक वेळी तेवढीच असेल तर काही बिघडत नाही. नेमाचा काटा तेवढा वर करून ठेवला की झालं. बिघडतं ते घसरण कमीजास्त झाली तर.

आता समजा एक छर्रा दुसऱ्यापेक्षा एक टक्का जड आहे. बंदूक दोघांनाही ढोबळमानानं सारखाच जोर देते. त्यामुळे जड छर्रा जरासा हळू निघतो, त्याला वेळ जरा जास्त लागतो, आणि तो जरा जास्त खाली येतो. हिशेब केला तर वजन जेवढे टक्के वाढलं, तेवढेच टक्के घसरण वाढते. म्हणजे १७ मिलिमीटरचा एक टक्का, ०.१७ मिलिमीटर. दोन केसांच्या जाडीएवढा फरक!

आणि दहा मीटरच्या रायफलचं लक्ष्य कसं असतं? मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पण छऱ्याची कड त्या ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छऱ्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटर इकडेतिकडे असलं तरी चालतं. मोठ्या स्पर्धांत गुण दशांशात मोजतात, १०.९ पर्यंत. तिथे एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. आता तुलना करा. वजनातल्या एक टक्का फरकानं होणारी चूक ०.१७, आणि एका दशांश गुणाची रुंदी ०.२५. म्हणजे दहा मीटरवर एक टक्का वजन धड एक दशांश गुणसुद्धा खात नाही. छर्रे अगदी सुमार असले आणि वजनात पाच टक्के फरक असला, तरी चूक होते ०.८५ मिलिमीटर. अडीच मिलिमीटरच्या मुभेत ती आरामात बसते.

या मुलीचे छर्रे मात्र मध्यापासून दीड-दोन सेंटीमीटरवर फाकत होते. दीड सेंटीमीटरच्या चुकीचं खापर पाऊण-एक मिलिमीटरच्या कारणावर फोडायचं, हा कुठला न्याय?

आता अंतर वाढवा. घसरण अंतराच्या वर्गानं वाढते. अंतर दुप्पट तर घसरण चौपट, अंतर पाचपट तर घसरण पंचवीसपट. तोच छर्रा, तोच वेग धरला तर एक टक्का वजनाच्या फरकाचा हिशेब असा पडतो:

१० मीटरवर ०.१७ मिलिमीटर.
२० मीटरवर ०.६८ मिलिमीटर.
३० मीटरवर दीड मिलिमीटर.
५० मीटरवर सव्वाचार मिलिमीटर.

आणि पाच टक्के फरक असेल तर ५० मीटरवर चूक होते दोन सेंटीमीटरहून जास्त. हे सगळं हवेचा विरोध न धरता. तो धरला की लांबच्या अंतरावर वेळ आणखी वाढतो आणि घसरणही वाढते. त्यात आणखी एक गुंता आहे. जड छर्रा निघताना हळू असतो, पण वाटेत वेग कमी गमावतो. शिवाय उघड्या मैदानात वारा असतो, आणि हलक्या छऱ्याला तो जास्त ढकलतो. तिथे वजन हा खरोखरच मोठा विषय आहे. इंग्लंडात एअर रायफलनं उघड्या रानात पन्नास मीटरच्या आसपासपर्यंत नेम धरण्याचा एक खेळ आहे. तिथली माणसं छर्रे तोलून, निवडून, वेगळ्या डब्यांत भरून ठेवतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

गडबड इथेच झाली आहे. पन्नास मीटरवाल्यांचं शहाणपण कुणी तरी उचललं आणि दहा मीटरवाल्याला विकलं. वाटेत "पन्नास मीटर" हे दोन शब्द गळून पडले. आमच्या वर्गात एखाद्यानं उत्तर "पाच" लिहिलं की मी विचारायचो, "पाच काय रे? पाच आंबे, पाच कोस की पाच रुपये?" आणि एकक नाही म्हणून अर्धा गुण कापायचो. पोरं कुरकुरायची. पण एकक नसलेला सल्ला केवढ्याला पडतो, ते आता तीन पोती सोयाबीनच्या भावानं कळतंय.

यावर काही जण म्हणतील, "गुरुजी, दोन केस तर दोन केस, पण दोष आहे ना? काढून टाकायला काय हरकत?" हरकत आहे, आणि एक नाही, चार आहेत.

पहिली हरकत. वजनाच्या दोषाला दिशा असते. आडोशाच्या शेडमध्ये, जिथे वारा नाही, तिथे वजनाच्या फरकानं छर्रा वर किंवा खाली जातो. डावीकडे-उजवीकडे जात नाही. पृथ्वी खालीच ओढते, आडवी ओढत नाही. हे समजायला पदवी लागत नाही. मी त्या मुलीचे जुने कागद मागून घेतले आणि पाहिले. भोकं आडवी पसरली होती, घड्याळाच्या नऊपासून तीनपर्यंत. उभी पसरण त्या मानानं थोडी. म्हणजे कागद स्वतः ओरडून सांगत होता की कारण वजन नाही, दुसरं काही तरी आहे. उभं राहण्याची ढब असेल, चाप ओढताना बोट बाजूला दाबलं जात असेल, खांदा थकत असेल. वैद्यानं नाडी न बघता औषध द्यावं, तसं इथे कागद न बघता काटा लिहून दिला.

दुसरी हरकत काट्याची. घ्यायला सांगितलेला काटा होता सराफी खिशातला, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. छर्रा ०.५३ ग्रॅमचा. म्हणजे काट्यावरचा सगळ्यात लहान घर छऱ्याच्या जवळजवळ दोन टक्के! एक टक्क्याचा फरक त्या काट्याला धड दिसणारच नाही. दोन छर्रे ०.५३ दाखवतील आणि आतून वेगळे असतील, दोन छर्रे ०.५२ आणि ०.५३ दाखवतील आणि आतून जवळपास सारखे असतील. हे काम करायला ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो, आणि तोसुद्धा पंखा बंद करून, सपाट जागी, श्वास जपून वापरावा लागतो. ज्वारीच्या आडत दुकानातल्या काट्यावर मंगळसूत्र तोलण्यातला हा प्रकार आहे.

तिसरी हरकत सगळ्यात महत्त्वाची. काटा छऱ्याचं वजन सांगतो, पण वजन छऱ्यात कुठे आहे ते सांगत नाही. बंदुकीच्या नळीला आतून पीळ असतो. त्यामुळे छर्रा गरगर फिरत बाहेर पडतो. दहा मीटरच्या रायफलच्या नळीत साधारण ४५ सेंटीमीटरला एक फेरी असा पीळ धरला, तर १७० मीटर वेगाला सेकंदाला पावणेचारशे फेऱ्या होतात. आता समजा छऱ्याचा घेर एका बाजूला किंचित जाड आहे, आणि वजनाचा मध्य खऱ्या मध्यापासून केवळ एक शतांश मिलिमीटर सरकला आहे. भोवऱ्याची आर मध्यावर ठोकली नाही तर तो कसा थयथयतो, हे ज्यानं भोवरा खेळला त्याला सांगायला नको. नळीत तो छर्रा कोंडलेला असतो. नळीतून सुटला की गोफणीतून दगड सुटावा तसा बाजूला फेकला जातो. हिशेब केला तर दहा मीटरवर ही चूक होते साधारण १.४ मिलिमीटर, आणि तीही कोणत्याही दिशेला. म्हणजे एक टक्का वजनाच्या चुकीच्या आठपट! आणि असा छर्रा काट्यावर पहिल्या नंबरानं पास होईल, कारण एकूण वजन बरोबर आहे. वर्गाची सरासरी चांगली असली म्हणजे प्रत्येक पोराला येतं असं नव्हे, तसंच हे.

दबलेला घेर ही याच जातीची आणि नेहमी दिसणारी भानगड. शिसं मऊ. डबा पडला, पिशवीत आदळआपट झाली की घेराला खड्डा पडतो. घेरानंच मागची हवा अडवायची असते. खड्डा पडला की हवा एका बाजूनं निसटते आणि छर्रा तिरका निघतो. वजन? जसंच्या तसं! कारण खड्डा पडला म्हणजे शिसं उडून गेलं नाही, नुसतं वाकलं. हा दोष ओळखायला काटा लागत नाही. डोळे लागतात, आणि ते देवानं फुकट दिले आहेत.

चौथी हरकत बंदुकीची. या मुलांची रायफल स्प्रिंगवाली. अशा बंदुकीचा वेग प्रत्येक वेळी सारखा नसतो. १७० च्या जागी एखाद्या वेळी १६८ निघाला तरी घसरण सव्वादोन-अडीच टक्क्यांनी वाढते. म्हणजे छर्रे एकूण एक सारखे तोलले तरी बंदूक स्वतःच्या पदरची दोन-अडीच टक्क्यांची चूक घालणार. एका खिशाला भोक असताना दुसऱ्या खिशाला ठिगळ लावण्यात काय हशील?

आणि हरकतींच्या यादीत बसत नाही, पण मास्तर म्हणून मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट. तेरा वर्षांच्या लेकरानं दोन-दोन तास बसून उघड्या हातांनी पाचशे छर्रे एकेक करून तोलायचे. ते शिसं आहे! शिसं पोटात जाणं लहान मुलांना घातक आहे, हे आता सगळ्या जगाला माहीत आहे. छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, छर्रा कधी ओठांत धरायचा नाही, हे त्या मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. वजनाचं व्याख्यान झालं, हात धुण्याचं राहिलं. आता शेडच्या दाराशी मी एक बादली आणि साबणाची वडी ठेवली आहे.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. प्रामाणिकपणे ते मांडायला हवं, नाही तर ही नुसती आदळआपट होईल. मोठे नेमबाज छऱ्यांबाबत चोखंदळ असतात की नाही? असतातच. ऑलिंपिकच्या दहा मीटरमध्ये साठ छऱ्यांना ६३० च्या घरात गुण लागतात. म्हणजे सरासरी १०.५. तिथे चार-सहा दशांशांवर अंतिम फेरी हुकते. त्या उंचीवर सगळंच मोजावं लागतं. आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचं विश्वविजेतेपद मिळवलं, तेव्हा त्याच्या छऱ्यांत खोट असून चाललं असतं असं मी म्हणणार नाही. आणि पन्नास मीटरवर तर गोष्टच वेगळी. स्वप्निल कुसाळेचा प्रकार तो. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं, तो प्रकारही पन्नासचाच. तिथे छर्रा नसतो, .२२ ची काडतुसं असतात. त्यातली गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, आपल्या छऱ्याच्या पाचपट. तिथे काडतुसांचा कुठला लॉट आपल्या नळीला मानवतो, हे शोधायला खेळाडू किती तरी गोळ्या खर्च करतात.

पण हे मोठे खेळाडू करतात काय, ते नीट पाहा. ते रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात, एकेका लॉटच्या गोळ्या किंवा छर्रे उडवतात आणि कागदावर कोणता लॉट एकाच भोकात जातो ते पाहतात. म्हणजे त्यांचा शेवटचा न्यायाधीश काटा नसून कागद आहे. ज्या अंतरावर खेळायचं, त्या अंतरावरचा कागद. आपण त्यांच्याकडून काटा उचलला आणि कागद विसरलो.

आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं. २००४ मध्ये क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी दहा मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवले. त्या काळी पूर्ण गुण मोजत, दशांश नव्हते. चाळीस छर्रे, चाळीसही अडीच मिलिमीटरच्या आत. त्या कागदाकडे पाहून कुणी म्हणेल का की छऱ्यांच्या वजनानं हे घडवलं? अडीच मिलिमीटरची मुभा छऱ्याला पुरते. पुरत नाही ती थरथरणाऱ्या हाताला आणि घाई करणाऱ्या मनाला. त्यांच्यावर औषध एकच, आणि ते कुठल्याही डब्यात मिळत नाही.

मग या मुलांनी करायचं काय? नुसती टीका करून उठणं मला जमत नाही, म्हणून त्या वडिलांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

एक, छर्रे डब्यातून मऊ फडक्यावर काढा आणि उजेडात घेर बघा. दबलेला, कड तुटलेला छर्रा बाजूला टाका. पाच मिनिटांचं काम. मग हात धुवा.

दोन, एका स्पर्धेला एकाच लॉटचे छर्रे वापरा. डब्यावर लॉट क्रमांक असेल तर वहीत लिहून ठेवा. एका साच्यातून निघालेले भाऊ बरेचसे सारखे असतात.

तीन, नवा डबा आला की रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, दहा मीटरवरून, एकाच कागदावर दहा छर्रे मारा. कागदावर तारीख, लॉट आणि अंतर लिहा. पसरण उभी असेल तर वेगाचा किंवा वजनाचा विचार करा. आडवी असेल तर वजनाचं नाव काढू नका. आणि टेकवून मारल्यावर सगळे एका ठिकाणी जात असतील, तर छर्रा सुटला निर्दोष. पुढचा प्रश्न आपल्या उभं राहण्याचा.

चार, उरलेले सगळे पैसे जास्त छर्रे घेण्यात घाला. एका डब्यात ५०० छर्रे. साठ छऱ्यांचा एक सामना धरला तर एका डब्यात जेमतेम आठ सामने होतात. आठ! इतक्यात काय हात बसणार? काट्याच्या पैशात साध्या पण चांगल्या छऱ्यांचे आणखी डबे येतात. नवशिक्याला तोललेल्या शंभर छऱ्यांपेक्षा न तोललेले हजार छर्रे जास्त शिकवतात.

त्या वडिलांनी काटा घेतला नाही. मुलगी पुन्हा शेडमध्ये येते. तिची आडवी पसरण कमी होत चालली आहे, पण तिनं अजून काही जिंकलेलं नाही आणि जिंकेल अशी भविष्यवाणीही मी करणार नाही. माझा मुद्दा पदकाचा नाहीच. मुद्दा त्या तीन आठवड्यांचा आहे. त्या तीन आठवड्यांत तिला एक धडा मिळत होता, की तू चुकत नाहीस, तुझं सामान चुकतं, आणि सामान आणायची तुझ्या बापाची ऐपत नाही. लेकराला शिकवता येईल असा याहून वाईट धडा मला माहीत नाही. त्यात दोन्ही बाजूंनी नुकसान. सामान परवडलं तरी ते स्वतःची चूक शोधायला शिकत नाही, आणि नाही परवडलं तर ते आपल्या घरावर रुसतं.

आपल्या धाराशिव जिल्ह्यानं खो-खोत नाव काढलं. इथल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये भारताच्या मुलींनी दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला लागतं काय? दोन खांब, एक मैदान आणि पायांत दम. तिथे कुणाला "तुझा खांब हलका आहे" असं सांगून काही विकता येत नाही. नेमबाजीला सामान लागतं, आणि सामान आलं की सामान विकणारे, सुचवणारे, घाबरवणारे पाठोपाठ येतात. म्हणून या खेळात गरिबाच्या लेकराच्या बाजूनं कुणी तरी हिशेब मांडायला हवा. बाकीच्यांच्या बाजूनं मांडणारे पुष्कळ आहेत.

प्रशिक्षक मंडळींना हात जोडून एकच विनंती. सल्ला द्या, जरूर द्या, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. पण सल्ल्याला एकक जोडा. "वजन महत्त्वाचं" एवढ्यावर थांबू नका. किती टक्के फरक, किती मीटरवर, आणि त्यानं कागदावर किती मिलिमीटर, हे तीन आकडे सांगा. हे तीन आकडे सांगता येत नसतील तर कोरडवाहू शेतकऱ्याला खिशात हात घालायला सांगू नका.

आणि पालकांनो, तुम्ही तर एवढंच विचारा, "सर, किती मीटरवर?" प्रश्न उद्धट नाही. मी शाळेत रोज विचारायचो.